मोठं सामान फुकट देताना सहीचा कागद: तो कुठे टिकतो, कुठे फाटतो

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. घर रिकामं करताय. एक उभा पियानो, तीन दारांचं लाकडी कपाट, फ्रिज आणि वॉशिंग मशीन फुकट देऊन टाकायचं आहे, मात्र घेणाऱ्याने स्वतःची माणसं आणून उचलून न्यायचं. घर दुसऱ्या मजल्यावर आहे आणि जिना अरुंद. उचलताना कुणाच्या पायावर काही पडलं, कुणाची पाठ धरली, भिंत फुटली, तर ते तुमच्यावर येईल का? आणि ‘काही झालं तर जबाबदारी आमची’ असा कागद आधीच सही करून घेतला, तर तुम्ही सुटाल का?

कागद जरूर करा. पण सही झाली म्हणजे आता काहीही होवो, आपण मोकळे, असं समजू नका. घरात, जिन्यात, आवारात झालेल्या दुखापतींच्या दाव्यांवर मी 22 वर्षं वकिली करतोय. सामान देता-घेतानाचे असे कागद माझ्या टेबलावर पुष्कळ आले, आणि जे टिकले नाहीत त्यातले बहुतेक एकाच जागी फाटले: देणाऱ्याला जे ठाऊक होतं, ते कागदात नव्हतं आणि तोंडीही कुणाला सांगितलेलं नव्हतं. म्हणून कागदाच्या भाषेकडे वळण्याआधी या चार वस्तूंबद्दल आणि तुमच्या जिन्याबद्दल तुम्हाला काय काय माहीत आहे, ते आठवून लिहून काढा.

हे इतकं का महत्त्वाचं, ते दोन जुन्या खटल्यांतून नीट कळतं. पहिला इंग्लंडमधला, 1899 सालचा, कॉफलिन विरुद्ध गिलिसन. एकाने वाफेवर चालणारं एक छोटं इंजिन दुसऱ्याला फुकट वापरायला दिलं. त्याच्या बॉयलरचा स्फोट झाला, माणूस जखमी झाला. कोर्टाने देणाऱ्याला जबाबदार धरलं नाही, कारण तो दोष त्याला ठाऊकच नव्हता. दुसरा कॅलिफोर्नियातला, 1968 सालचा, रोलंड विरुद्ध ख्रिश्चन. घरी आलेला पाहुणा बाथरूममध्ये गेला, नळाची चिनीमातीची मूठ त्याच्या हातात फुटली आणि उजव्या हाताचे स्नायुबंध आणि नसा कापल्या गेल्या. त्या मुठीला तडा गेलाय हे घरात राहणाऱ्या बाईंना आधीपासून माहीत होतं, त्यांनी घरमालकाला तसं कळवलंही होतं. पाहुण्याला मात्र सांगितलं नव्हतं. दावा खालच्या कोर्टात फेटाळला गेला होता, राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो पुन्हा उभा केला. पहिल्या खटल्यात स्फोट झाला तरी देणारा सुटला, दुसऱ्यात नळाच्या एका मुठीपायी घरातली व्यक्ती अडकली. दोन्हींत देश वेगळे, कायदे वेगळे, पण तराजू कशाने झुकला ते एकच आहे.

फुकट देणाऱ्याकडे कायदा एरवी सौम्य नजरेने बघतो. जर्मन नागरी संहितेच्या कलम 521 प्रमाणे दान देणारा फक्त हेतुपुरस्सर केलेल्या कृत्यासाठी आणि घोर निष्काळजीपणासाठी जबाबदार असतो, साध्या चुकीसाठी नाही. पण तिथेच पुढे कलम 524 आहे: वस्तूतला दोष कपटाने लपवला, तर त्यातून होणारं नुकसान देणाऱ्याने भरून द्यायचं. औदार्याला सवलत आहे, लपवाछपवीला नाही.

आता तुमच्या प्रश्नात तीन वेगवेगळ्या जोखमी एकत्र झाल्या आहेत, त्या सुट्या करू. एक, तुमच्या जागेमुळे होणारी इजा: सैल कठडा, जिन्यात गेलेला दिवा, निसटणारी फरशी. दोन, वस्तूमुळे होणारी इजा, मग ती उचलताना होवो की महिन्याभराने त्यांच्या घरी. तीन, उचलणाऱ्यांच्या हातून तिसऱ्याचं होणारं नुकसान: शेजाऱ्याचं दार, लिफ्टचा आरसा, जिन्यातून वर येणारी एखादी म्हातारी बाई. एकाच ओळीचा ‘सर्व जबाबदारी माझी’ हा कागद या तिन्हींवर सारखा चालत नाही. पहिल्यावर तो सगळ्यात कच्चा असतो आणि तिसऱ्यावर, नीट लिहिला तर, सगळ्यात पक्का.

जागेपासून सुरू करतो, कारण लोक वस्तूच बघत बसतात आणि जिना विसरतात. इंग्लंडचा 1957 चा जागाधारकांच्या दायित्वाचा कायदा सांगतो की नुसती सूचना दिली म्हणून जागा ताब्यात असणारा सुटत नाही. ती सूचना मिळाल्यावर येणाऱ्याला पुरेसं सुरक्षित राहता आलं पाहिजे. 1963 च्या रोल्स विरुद्ध नेथन या खटल्यात लॉर्ड डेनिंग यांनी हे एका उदाहरणाने समजावलं. घरात जाण्या-येण्याची एकच वाट आहे, ओढ्यावरचा कुजका साकव. तिथे ‘साकव धोकादायक आहे’ अशी पाटी लावून भागत नाही, कारण पाटी वाचून माणूस करणार काय? त्याला दुसरी वाटच नाही. पण शेजारीच दुसरा धड साकव असेल, तर तीच पाटी पुरेशी ठरते.

तुमचा अरुंद जिना हा तो एकुलता साकव आहे. कठडा हलत असेल, तर ‘कठडा हलतो, सांभाळा’ असं कागदात लिहून सुटका नाही. दोन माणसांनी कपाट धरलंय, तोल गेला, तर हात आपोआप कठड्यावरच जाणार. तो आधी घट्ट करून घ्या. इमारतीचा सामायिक जिना असेल, तर व्यवस्थापनाला लेखी कळवा आणि दुरुस्ती होईपर्यंत सामान हलवू नका. जिन्यातला दिवा बदलायचा. पायपुसणी, कुंड्या, चपलांचा स्टँड उचलून आत ठेवायचा. आवारात मोकाट कुत्रा असेल तर तो बांधायचा. ही अर्ध्या तासाची कामं आहेत आणि कुठल्याही सहीपेक्षा जास्त कामाची आहेत.

त्याच खटल्यात तुमच्या फायद्याचंही काही आहे. तिथे धुराडी साफ करणारे दोन भाऊ बॉयलरच्या विषारी वायूने गेले. धोक्याची सूचना त्यांना पुन्हा पुन्हा दिलेली होती, आणि तो धोका त्यांच्या धंद्यातलाच होता, म्हणून जागेच्या मालकावर जबाबदारी आली नाही. कायद्याचं तत्त्व असं की कसबी माणसाने आपल्या कसबातले नेहमीचे धोके स्वतः ओळखावेत. म्हणून पियानो न्यायला पियानो हलवणारीच माणसं आली, तर तुमची बाजू बरीच भक्कम होते. आणि घेणारा दोन कॉलेजातल्या पुतण्यांना घेऊन आला, तर तितकीच कमकुवत, कारण त्यांना काय कळत नाही हे तुम्हाला समोर दिसतंय.

पियानोबद्दल थोडं थांबून सांगतो, चारही वस्तूंत मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटते. उभा पियानो साधारण 150 ते 300 किलो भरतो. आत बिडाची एक अखंड चौकट असते, तारांचा काही टनांचा ताण तीच पेलते, आणि ती मागच्या अंगाला असते. त्यामुळे पुढून बघताना पियानो दणकट आणि समतोल वाटला, तरी त्याचं वजन मागे असतं आणि तो पाठीवर पडायला बघतो. खाली छोटी चाकं असतात. ती बघून प्रत्येक जण म्हणतो, अरे, हा तर ढकलत नेता येईल. जुन्या पियानोची ती चाकं खोलीतल्या खोलीत इंचभर सरकवण्यापुरतीच धरा. उंबरठ्याला चाक अडलं, मागून जोर लागला, की चाकाचा दांडा मोडतो आणि सगळा डोलारा एका कोपऱ्यावर बसतो. पियानो हलवणारे तो पाटाच्या गाडीवर चढवून, पट्ट्यांनी बांधून नेतात, आणि जिन्यावर पियानोच्या खालच्या बाजूला, त्याच्या वाटेत, कुणालाही उभं राहू देत नाहीत. तुलनेसाठी एक आकडा लक्षात ठेवा: अमेरिकेची नायोश ही कामाच्या ठिकाणच्या सुरक्षेची संस्था सगळी परिस्थिती अनुकूल असताना एका माणसाने उचलायच्या वजनाचा हिशेब 23 किलोपासून सुरू करते, आणि पकड अवघड, अंग वळवावं लागणारं, असं काही असलं की तो आकडा खाली येतो. जिन्यावर काहीच अनुकूल नसतं. माझा सल्ला स्पष्ट आहे. पियानो देताना अट घाला की तो व्यावसायिक माणसांकडूनच न्यायचा, त्यांच्या विम्याचा कागद आधी बघायचा, आणि घेणारा तयार नसेल तर तो पियानो त्याला द्यायचाच नाही.

आता कपाट. इथे मी स्वतः हाताळलेलं एक प्रकरण सांगतो, कारण कागद नेमका कुठे फाटतो ते त्यात दिसतं. एका गृहस्थांनी जुनं कपाट असंच फुकट दिलं. चांगला टाइप केलेला कागद होता, त्यावर घेणाऱ्याची सही होती. न्यायला घेणारा आणि त्याचा मेहुणा आले. घेणारा वर, मेहुणा खाली, असं कपाट आडवं करून जिन्यावरून निघालं. पहिल्या वळणावर कपाट तिरकं झालं आणि मधलं दार धाडकन उघडून खालच्याच्या कपाळावर आलं. तो मागे सरला, टाच पायरीच्या कडेवरून निसटली, मनगट मोडलं. त्या दाराची कडी कित्येक वर्षांपूर्वी गेली होती. गृहस्थ दाराच्या फटीत घडी केलेला पुठ्ठा खुपसून ते बंद ठेवत. कपाट रिकामं करताना, द्यायची वस्तू स्वच्छ द्यावी म्हणून, तो पुठ्ठा त्यांनी स्वतःच काढून टाकला होता. मनात काही वाईट नव्हतं. उलट चांगुलपणाच होता. पण समोरच्या वकिलाने एकच प्रश्न विचारला: दार आपोआप उघडतं हे तुम्हाला माहीत होतं का? खोटं बोलणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

शिवाय सही घेणाऱ्याची होती, जखमी झालेल्या मेहुण्याची नव्हती. करार त्यावर सही करणाऱ्यालाच बांधतो. मेहुण्याने कशावरही पाणी सोडलेलं नव्हतं. शेवटी तडजोड झाली. एक ओळ लिहून, कपाटाला भोवती दोरी बांधून आणि एक सही जास्त घेऊन हे सगळं टळलं असतं.

यावरून दोन गोष्टी. उचलायला हात लावणाऱ्या प्रत्येकाची सही हवी, फक्त वस्तू घेणाऱ्याची नव्हे. आणि अठरा वर्षांखालचा कुणी असेल तर त्याने सामानाला हात लावायचा नाही, विषय संपला. भारतात तर प्रिव्ही कौन्सिल या ब्रिटिश काळातल्या सर्वोच्च अपील न्यायालयाच्या 1903 सालच्या मोहरीबीबी विरुद्ध धर्मोदास घोष या निकालापासून अल्पवयीन व्यक्तीने केलेला करार मुळातच शून्य धरला जातो. इतरत्र तपशील निराळे, पण अल्पवयीन मुलाच्या सहीवर विसंबू नये हे जवळपास सगळीकडे खरं.

मुक्तिपत्राची, म्हणजे अशा जबाबदारी माफ करणाऱ्या कागदाची, कायद्यातली ताकद किती? देशागणिक फरक आहे, पण एक तळ बहुतेक ठिकाणी सारखा सापडतो. जाणूनबुजून केलेल्या इजेपासून आणि फसवणुकीपासून कुणालाही आगाऊ माफी घेता येत नाही. कॅलिफोर्नियाच्या नागरी संहितेचं कलम 1668 हेच सांगतं. जर्मनीत कलम 276 प्रमाणे हेतुपुरस्सर कृत्याची जबाबदारी आधी माफ करताच येत नाही. भारतात करार कायदा, 1872 चं कलम 23 सार्वजनिक धोरणाविरुद्धचे करार रद्दबातल ठरवतं. अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात तर शारीरिक इजेची जबाबदारी आगाऊ झटकणारं कलम थेट शून्य आहे. तुम्ही जिथे राहता तिथलं नेमकं उत्तर तिथल्या वकिलाकडूनच घ्या.

एक गैरसमज इथेच दूर करतो. इंग्लंडच्या 1977 च्या अन्याय्य करार-अटींच्या कायद्याचा दाखला देऊन लोक म्हणतात की मृत्यू किंवा शारीरिक इजेची जबाबदारी करारातून काढताच येत नाही. ते कलम व्यवसायातल्या जबाबदारीपुरतं आहे. घरातलं कपाट देणारा खासगी माणूस त्यात बसत नाही. पण म्हणून तो मोकाट सुटतो असंही नाही, कारण कोर्टं असली कलमं फार काटेकोर वाचतात. कॅनडा स्टीमशिप या 1952 च्या प्रिव्ही कौन्सिलच्या निकालाचा गाभा असा की स्वतःच्या निष्काळजीपणाची माफी हवी असेल तर ते शब्दांत स्वच्छ दिसलं पाहिजे, गोलमोल ‘सर्व जबाबदारी’ पुरत नाही.

मग ‘देणाऱ्याच्या निष्काळजीपणामुळे झालेली इजासुद्धा’ असं लिहावं का? कायदा परवानगी देतो तिथे वकील ते लिहून देतील. घरगुती कागदात मी ते घालत नाही. ज्या माणसाला आपण वस्तू भेट देतोय त्याच्यापुढे ते वाक्य ठेवलं की त्याच्या मनात शंका येते, आणि ती येणं रास्तच आहे. त्याहून वाईट म्हणजे देणाऱ्याच्या मनात बेफिकिरी येते. कठडा तसाच राहतो.

त्यापेक्षा तुमचा निष्काळजीपणा घडायला जागाच ठेवू नका. ती कशी? हात लावू नका. हे मी प्रत्येकाला बजावून सांगतो आणि प्रत्येकाला ते जड जातं. समोर दोन माणसं कपाट उचलताना धापा टाकताहेत आणि आपण बाजूला उभं राहायचं, हे बरं वाटत नाही. पण तुम्ही तिसरा कोपरा धरलात आणि तुमची पकड सुटली, तर आता वस्तू देणारा म्हणून नव्हे, चूक करणारा म्हणून तुमचं नाव येतं. ‘थोडं डावीकडे, आता सोडा’ असं सांगणंही टाळा. सूचना तुमची, तर काम तुमच्या देखरेखीखालचं, असा युक्तिवाद लगेच होतो. तसंच तुमची दोरी, तुमची ट्रॉली, तुमची शिडी देऊ नका. दिलीत तर त्या अवजाराचा तुम्हाला माहीत असलेला प्रत्येक दोष सांगणं तुमच्यावर आलं. त्यांची माणसं कमी पडताहेत असं दिसलं, तर ‘आज राहू द्या, अजून दोघांना घेऊन या’ एवढंच सांगा आणि खरोखर थांबवा.

फ्रिज आणि वॉशिंग मशीन यांचं थोडक्यात. फ्रिज आदल्या दिवशी बंद करून, बर्फ वितळवून, पुसून ठेवा. पाणी जिन्यावर ठिबकलं की पहिला पाय त्यावरूनच घसरतो. दार पट्टीने चिकटवा, आतले काचेचे कप्पे काढून वेगळे द्या. शक्यतो उभाच न्यायला सांगा, आडवा केला तर कॉम्प्रेसरमधलं तेल नळ्यांत जातं आणि लगेच सुरू केल्यास तो बिघडू शकतो. हे सांगणंही माहिती देण्यातच येतं. नव्या फ्रिजांत आयसोब्युटेनसारखा ज्वालाग्राही वायू असतो, म्हणून मागच्या नळ्या वाकल्या, ठेचल्या तर तो फ्रिज लावायचा नाही. आणि फ्रिज घराबाहेर, आवारात ‘ज्याला हवा त्याने न्या’ असा कधीही ठेवू नका. लपाछपी खेळताना जुन्या खिटीच्या फ्रिजमध्ये अडकून मुलं गुदमरून गेल्यामुळे अमेरिकेत 1956 मध्ये खास कायदा झाला, आणि ऑक्टोबर 1958 च्या अखेरीपासून बनणाऱ्या घरगुती फ्रिजचं दार आतून ढकलून उघडता येणं सक्तीचं झालं. तुमचा फ्रिज जुन्या खिटीचा असेल किंवा बाहेर काढून ठेवावाच लागणार असेल, तर दार उतरवून टाका. अनोळखी मुलाकडून तुम्ही कसलीही सही घेऊ शकत नाही.

पुढून उघडणाऱ्या वॉशिंग मशीनमध्ये पिंप स्थिर राहावं म्हणून काँक्रीटचे ठोकळे असतात, त्यामुळे दिसतं त्याहून ते जड, बरेचदा 60 ते 80 किलो. पिंप स्प्रिंगांवर लटकलेलं असतं आणि उचलून नेताना आत डोलतं, तो हिसका उचलणाऱ्याच्या मनगटाला बसतो. नवं घेताना पिंप घट्ट धरून ठेवणारे बोल्ट आले होते, ते सापडले तर परत लावा. पाणी काढून टाका, नळी बांधा. वायर उघडी पडली असेल, बॉडीला झटका बसत असेल, तर ते मशीन देऊच नका. ‘दुरुस्त करून घ्या’ असं सांगून शॉक देणारी वस्तू दुसऱ्याच्या घरात पाठवणं मला कागदावरच काय, मनातही पटत नाही. हाच नियम मुलांच्या वस्तूंना. खाली सरकणाऱ्या बाजूचे पाळणे अमेरिकेत 2011 पासून बंद आहेत, कारण त्यांच्या फटीत बाळं अडकली. उत्पादकाने परत मागवलेली वस्तू फुकटही द्यायची नसते.

आता कागद. मी साधारण असा लिहून देतो, तुमच्या ठिकाणच्या वकिलाला दाखवून हवा तसा बदला:

‘मी, खाली सही करणारा, श्री./श्रीमती … यांच्याकडून पुढील वापरलेल्या वस्तू विनामूल्य स्वीकारत आहे: … . वस्तू आहेत त्या स्थितीत मी स्वतः पाहिल्या आहेत. त्या चालतील किंवा टिकतील अशी कोणतीही हमी देणाऱ्याने दिलेली नाही. वस्तूंबद्दल व जाण्या-येण्याच्या वाटेबद्दल देणाऱ्याने मला पुढील गोष्टी सांगितल्या व प्रत्यक्ष दाखवल्या: … . वस्तू उचलणे, उतरवणे व वाहून नेणे हे काम माझे आहे. त्यासाठीची माणसे, साधने व पद्धत मी ठरवली आहे. या कामात मला इजा होण्याची किंवा माझ्या वस्तूंचे नुकसान होण्याची जोखीम या वस्तू मिळण्याच्या बदल्यात मी पत्करत आहे. माझ्या किंवा माझ्या माणसांच्या हातून इमारतीचे अथवा इतर कुणाचे नुकसान झाल्यास, आणि त्यापोटी देणाऱ्याकडे मागणी आल्यास, ती मी भरून देईन. वस्तूंची मालकी व ताबा आज दिनांक … रोजी … वाजता, वस्तू जागेवरून हलवण्यापूर्वी, माझ्याकडे आला आहे.’ खाली घेणाऱ्याचं नाव, पत्ता, सही. त्याखाली मदतनीसांसाठी वेगळं वाक्य: ‘वरील माहिती मी वाचली/मला वाचून दाखवली, धोके मला समजले, मी स्वेच्छेने मदत करत आहे,’ आणि प्रत्येकाची सही.

यातली सगळ्यात मोलाची जागा म्हणजे ‘सांगितल्या व प्रत्यक्ष दाखवल्या’ या शब्दांपुढचे ठिपके. तिथे हाताने लिहा. ‘मधल्या दाराची कडी नाही, दोरी बांधल्याशिवाय आडवं करू नये.’ ‘मशीनच्या डाव्या मागच्या कोपऱ्याचा पत्रा धारदार आहे.’ ‘दुसऱ्या वळणावर छत खाली येतं, डोकं आपटतं.’ छापील भाषेपेक्षा अशा हस्ताक्षरातल्या चार ओळींवर न्यायाधीश जास्त विश्वास ठेवतात, हे मी अनेकदा पाहिलंय. आणि त्या ओळी वाचल्यावर माणूस खरंच दोरी आणतो.

‘वस्तू मिळण्याच्या बदल्यात’ हे शब्दही मुद्दाम आहेत. भारतासारख्या कायद्यात मोबदल्याशिवायचा करार सहसा टिकत नाही. तुम्ही वस्तू आधीच देऊन टाकलीत आणि जिन्यावरून उतरताना सही मागितलीत, तर त्या सहीच्या बदल्यात तुम्ही काय दिलंत, हा प्रश्न उरतो. म्हणून सही आधी, हात नंतर. मालकीची वेळ लिहिण्याचं कारणही तेच: उचलायला सुरुवात होते तेव्हा वस्तू त्यांची झालेली असावी, म्हणजे ते स्वतःचं सामान स्वतः हलवताहेत.

कागद आदल्या दिवशीच फोनवर पाठवा. दारात आलेल्या माणसासमोर, गाडी खाली उभी असताना, कागद पुढे करणं बरोबर नाही. वाचायला वेळ दिला नाही हा आक्षेप घेतला जातो, आणि घ्यावाच. समोरच्याला तुमच्या कागदाची भाषा वाचता येत नसेल, तर त्याला समजेल अशा भाषेत सांगा आणि तसं सांगितल्याची नोंद करा. जिन्याचे, कठड्याचे, वस्तूंचे तारीखवार फोटो काढून ठेवा.

घराचा विमा असेल तर सामान हलवायच्या आधीच कंपनीला विचारा की तिसऱ्या व्यक्तीच्या इजेचं संरक्षण त्यात आहे का. खूप पॉलिसींत असतं आणि लोकांना त्याचा पत्ता नसतो. उत्तर लेखी घ्या. कागद फाटला तरी विमा असेल तर तुमच्या खिशाला लागलेली झळ बरीच कमी होते.

पैसे घेऊन किंवा फुकटात सामान उचलणारी संस्था अथवा व्यावसायिक येणार असेल, तर सहीची दिशा बदलते. त्यांचा विमा, त्यांच्या कामगारांचं संरक्षण, त्यांचा परवाना तुम्ही बघायचा. तेच उलट तुमच्यापुढे एखादा छापील कागद ठेवतील, ‘भिंती, फरशी, जिन्याच्या नुकसानीस आम्ही जबाबदार नाही’ असा. तो न वाचता सही करू नका, ते वाक्य खोडायला सांगा. इंग्लंडमध्ये 1990 च्या पर्यावरण संरक्षण कायद्याच्या कलम 34 खाली टाकाऊ सामान अधिकृत माणसाच्याच हाती देण्याची काळजी घरमालकांनाही घ्यावी लागते. कुणी ते नेऊन रस्त्याकडेला टाकलं, तर चौकशी तुमच्या दारापर्यंत येते.

आणि इतकं करूनही अपघात झालाच, तर कागद शोधायला आत जाऊ नका. आधी माणूस. त्याच्या अंगावरचा भार इतरांकरवी हलवा, मणक्याला लागल्याची शंका असेल तर त्याला उठवू नका, रुग्णवाहिका बोलवा, ती येईपर्यंत त्याच्याजवळ बसा. मदत केली म्हणजे चूक कबूल केली असं होत नाही, ही भीती मनातून काढा. सगळं निवळल्यावर जागेचे फोटो घ्या, हजर असलेल्यांची नावं लिहा, काय घडलं ते त्याच दिवशी स्वतःच्या शब्दांत उतरवून ठेवा आणि विमा कंपनीला कळवा. मूळ सहीचा कागद त्या नोंदींबरोबर जपून ठेवा. दावा करायची मुदत ठिकाणानुसार काही वर्षांची असते आणि अल्पवयीन व्यक्तीसाठी ती आणखी लांबते, म्हणून नव्या घरी सामान लावताना हा लिफाफा रद्दीत जाणार नाही एवढं बघा.